वरच्या कॅशेतून निसटलेलं

एखादं ॲप अडकलं, संकेतस्थळावर जुनंच वेळापत्रक दिसू लागलं किंवा दुकानाच्या पानावर कालचीच किंमत झळकत राहिली, की मदत केंद्रातून पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘कॅशे क्लिअर करा आणि पुन्हा बघा.’ कधी त्याने काम होतं, कधी ढिम्म फरक पडत नाही. सल्ला देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं, की ग्राहकाने साफ केली ती साखळीतली फक्त पहिली कॅशे. तिच्या मागे आणखी कितीतरी उभ्या असतात आणि त्यांतल्या बहुतेकींपर्यंत ग्राहकाचं बोट पोहोचतच नाही.

ही साखळी एकदा ओळीने पाहून घ्यायला हवी. ठाण्यात बसून कुणी फोनवर एका वस्तूचं पान उघडलं असं धरू. ब्राउझर आधी स्वतःच्या साठ्यात डोकावतो. तिथे काही नसेल तर त्याला सर्व्हरचा पत्ता हवा. तो पत्ताही ब्राउझरने, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमने आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने आपापल्यापाशी नोंदवून ठेवलेला असू शकतो. पत्ता मिळाल्यावर विनंती जाते ती बहुतेकदा मूळ सर्व्हरकडे नव्हे, तर अकामाई किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएन, म्हणजे जागोजागी प्रती ठेवणाऱ्या, कंपनीने मुंबईतच ठेवलेल्या सर्व्हरकडे. तिथे प्रत नसली की मूळ केंद्राच्या दारातला प्रॉक्सी, मग मेमकॅश्ड किंवा रेडिससारखी मेमरीतली कॅशे, मग डेटाबेसचा बफर पूल. डेटाबेसच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिमची पेज कॅशे, तिच्या खाली स्टोरेज कंट्रोलरची मेमरी आणि अगदी तळाशी डिस्कच्या पोटातली छोटीशी रॅम. एका किमतीच्या इतक्या प्रती.

इतका खटाटोप कशासाठी, हे आकडे पाहिले की लक्षात येतं. प्रोसेसरला चिकटलेल्या कॅशेतून माहिती साधारण एका नॅनोसेकंदात मिळते. मुख्य मेमरीतून यायला शंभरेक नॅनोसेकंद, एसएसडीवरून शंभरेक मायक्रोसेकंद, फिरत्या डिस्कवरून दहाएक मिलिसेकंद. नेटवर्कवर तर खुद्द प्रकाशाचाच वेग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे कितीही महाग केबल टाकली तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. यातून वाट एकच : जे लागणार ते लागण्याआधीच जवळ आणून ठेवणं.

ही कल्पना मुळात एकाच यंत्राच्या आतली. एप्रिल १९६५मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांचा जेमतेम दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. दहा लाख शब्दांची मोठी पण संथ मेमरी आणि तिच्या पुढ्यात ३२ हजार शब्दांची छोटी पण चपळ मेमरी; जो शब्द लागला तो मोठीतून छोटीत उतरवून ठेवायचा, म्हणजे पुन्हा लागला तर छोटीतूनच मिळेल. बस्स, एवढंच. १९६८च्या जानेवारीत आयबीएमने सिस्टिम/३६० मालिकेतलं मॉडेल ८५ जाहीर केलं आणि ही युक्ती बाजारात आली. त्या कॅशेची क्षमता होती १६ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा एखादा सुप्रभाताचा फोटोही तिच्यात मावला नसता.

हे चालतं, कारण प्रोग्रॅम काय आणि माणसं काय, दोन्ही सवयीचे गुलाम. आत्ता लागलं ते थोड्या वेळात पुन्हा लागतं. जागा भरली की काय बाहेर काढायचं याचं आदर्श उत्तर आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली देऊन ठेवलं : भविष्यात सगळ्यात उशिरा लागणार असेल ते काढा. भविष्य कुणाला दिसत नसल्यामुळे ही पद्धत वापरता येत नाही, पण इतर पद्धती किती चुकतात ते मोजायला तिच्यासारखी पट्टी नाही. व्यवहारात सर्वांनी उचलली ती एलआरयू : ज्याला हात लागून सगळ्यात जास्त काळ लोटला ते काढा. सोपी, स्वस्त आणि एका पातळीवर बऱ्यापैकी हुशार.

‘एका पातळीवर’ हे शब्द इथे महत्त्वाचे. विल्क्स यांच्या आराखड्यात आणि आयबीएमच्या यंत्रात सगळ्या पातळ्या एकाच मालकाच्या, एकाच पेटीतल्या होत्या. क्लायंट-सर्व्हर व्यवस्थेत तसं नाही. ब्राउझर एका कंपनीचा, सीडीएन दुसरीचा, डेटाबेस तिसरीचा, डिस्क चौथीची. प्रत्येकाने आपली कॅशे आपल्यापुरती उत्तम बांधलेली आणि शेजारच्या पातळीवर काय चाललंय याचा कुणालाच पत्ता नाही. अशा कॅशे एकावर एक रचल्या की बेरीज होईलच असं नाही. पुष्कळदा वजाबाकी होते. या पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांचा धागा हाच आहे.

वजाबाकीचा एक ठोस पुरावा मिशिगन विद्यापीठातून आला. तिथल्या डॅन मन्ट्झ आणि पीटर हनीमन यांच्यापुढे प्रश्न होता मोठ्या कॅम्पसचा : हजारो क्लायंट, मोजके फाइल सर्व्हर. मध्ये आणखी एक कॅशे सर्व्हर बसवला तर मूळ सर्व्हरचा भार हलका होईल, हा विचार कुणालाही पटेल असाच होता. त्यांनी खऱ्या वापराच्या नोंदी घेतल्या आणि त्या सिम्युलेशनमधून चालवून पाहिल्या. मधल्या कॅशेत हवी ती गोष्ट सापडण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. १९९२ साली हा निष्कर्ष मांडताना त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘तुमची कॅशे म्हणजे निव्वळ कचरा’ अशा अर्थाची कोपरखळी मारली. संशोधकांना विनोदाचं वावडं असतं असं मानणाऱ्यांनी हे शीर्षक जरूर पाहावं.

कारण असं. दुधावरची साय वरच्या कॅशेने आधीच काढून घेतलेली असते. खाली येतं ते निवळ दूध. क्लायंटच्या कॅशेत एक हजार ब्लॉक, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे, मावतात असं समजू. जो ब्लॉक मिनिटाला दहा वेळा लागतो तो वरच मिळत राहतो आणि त्याची विनंती सर्व्हरपर्यंत येतच नाही. म्हणजे ऑफिसात सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ब्लॉक सर्व्हरच्या लेखी तासन्‌तास कुणी न विचारलेला. आता याची उलट बाजू. क्लायंटने आत्ताच एक ब्लॉक मागून नेला, तर तो त्याच्या कॅशेत जाऊन बसला. आणखी हजारभर वेगळे ब्लॉक येऊन त्याला बाहेर ढकलत नाहीत तोवर तोच क्लायंट तो पुन्हा मागणार नाही. एलआरयूवर चालणारा सर्व्हर मात्र ‘नुकताच मागितलाय, म्हणजे लवकरच लागेल’ असं समजून नेमका तोच ब्लॉक जपून ठेवतो. वर आणि खाली तोच ऐवज, दोनदा पैसे मोजून. सर्व्हरची कॅशे क्लायंटच्या कॅशेएवढी किंवा तिच्याहून लहान असेल, तर एकाच क्लायंटसाठी ती असून नसल्यासारखी.

सर्व्हरला क्लायंट अनेक असतात, त्यामुळे चित्र इतकं काळंकुट्ट राहत नाही. एकाने आणलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. तरी उतार कायम राहतो. २०१३ साली प्रिन्स्टन, कॉर्नेल आणि फेसबुकमधल्या संशोधकांनी फेसबुकवरच्या फोटोंच्या सुमारे ७.७ कोटी विनंत्यांचा माग काढला. त्यांतल्या ६५.५ टक्के वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच भागल्या. २० टक्के जवळच्या केंद्रातल्या एज कॅशेने भागवल्या, ४.६ टक्के मूळ केंद्राजवळच्या कॅशेने आणि उरलेल्या ९.९ टक्के प्रत्यक्ष साठवणीपर्यंत गेल्या. हे आकडे दुसऱ्या बाजूने वाचले तर जास्त बोलके होतात : ब्राउझरकडे आलेल्या शंभरांतल्या ६५ विनंत्या तिथेच सुटल्या, एजकडे आलेल्या शंभरांतल्या ५८ आणि मूळ कॅशेकडे आलेल्या शंभरांतल्या जेमतेम ३२. खाली जावं तसं काम अवघड होत जातं, कारण सोपे प्रश्न वर सुटून गेलेले असतात.

मग खालच्या कॅशेने करावं काय?

१९९३ साली विलिक, ईगर आणि बंट यांनी दाखवून दिलं, की क्लायंटकडे कॅशे असताना फाइल सर्व्हरवर एलआरयूपेक्षा ‘किती वेळा लागलं’ हे मोजणारी पद्धत सरस ठरते. युआनयुआन झोऊ, जेम्स फिलबिन आणि काई ली यांनी २००१मध्ये हाच विचार पुढे नेला. त्यांच्या मल्टि-क्यू पद्धतीत सर्व्हर एकाऐवजी अनेक रांगा ठेवतो. ब्लॉक जितक्या जास्त वेळा मागितला गेला तितक्या वरच्या रांगेत. बाहेर काढलेल्या ब्लॉकचं नुसतं नाव आणि मोजणी काही काळ वेगळी टिपून ठेवली जाते, म्हणजे तो परत आला की त्याचा हिशेब पहिल्यापासून सुरू होत नाही. दोन मागण्यांमध्ये मोठा काळ जाणार हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे.

दुसरा मार्ग जास्त धीट. दोन्ही पातळ्यांवर तेच साठवायचंच कशाला? थिओडोर वाँग आणि जॉन विल्क्स यांनी २००२ साली सुचवलं, की क्लायंटने ब्लॉक वाचून नेला की साठवणीच्या यंत्राने आपली प्रत बाहेर काढायच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवावी. आणि क्लायंटला जागेअभावी तो ब्लॉक टाकावा लागला, की त्याने तो नुसता फेकून न देता खाली सोपवावा. या कृतीला त्यांनी नाव दिलं ‘डिमोट’. दोन कॅशे मिळून एक मोठी कॅशे, असा हिशेब. पण फुकट काहीच नसतं : खाली सोपवायचं म्हणजे ब्लॉक नेटवर्कवरून पुन्हा पाठवायचा आणि नेटवर्क आधीच तुंबलेलं असेल तर फायदा तिथेच संपतो. पुढच्याच वर्षी झिफेंग चेन, झोऊ आणि ली यांनी त्यावर तोड काढली : क्लायंटने काय टाकलं याचा नुसता अंदाज घ्यायचा आणि तो ब्लॉक साठवणीच्या यंत्राने फावल्या वेळात स्वतःच्याच डिस्कवरून वाचून घ्यायचा.

शेजाऱ्याच्या मेमरीचा उपयोग करण्याची कल्पनाही याच काळातली. बर्कलीच्या मायकल डालिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हिशेब मांडला, की वेगवान नेटवर्कवरून बाजूच्या वर्कस्टेशनच्या मेमरीतला ब्लॉक आणणं सर्व्हरच्या डिस्कवरून आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एआरसी या पद्धतीची कहाणी जरा तपशिलात सांगायला हवी, कारण तिच्यात विद्वत्ता आणि वकिली दोन्ही येतात. २००३ साली आयबीएमच्या आल्मेडन प्रयोगशाळेतल्या निम्रॉड मेगिडो आणि धर्मेंद्र मोधा यांनी ती मांडली. मोधा हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. एआरसी दोन याद्या चालवते, एक नुकत्याच लागलेल्यांची आणि दुसरी वारंवार लागणाऱ्यांची. प्रत्येकीच्या शेपटाला बाहेर काढलेल्यांची फक्त नावं असलेली एकेक भूतयादी जोडलेली. भूतयादीतलं नाव पुन्हा मागितलं गेलं, की पद्धतीला कळतं की त्या बाजूला जागा कमी पडली, आणि ती आपली वाटणी आपणच बदलते. कुणीही कुठलाही आकडा आधी ठरवून द्यावा लागत नाही. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने जानेवारी २००५मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत ती वापरली. तेवढ्यात आयबीएमचा पेटंटचा अर्ज समोर आला आणि काही महिन्यांत ८.०.२ या दुरुस्तीत एआरसी काढून टूक्यू ही जुनी पद्धत बसवावी लागली. वर्षअखेरीच्या ८.१मध्ये तीही गेली आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरत ब्लॉक तपासणारी साधी पद्धत आली. आजही तिच्यावरच काम चालतं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएस या फाइल व्यवस्थेत मात्र एआरसी रुळली. कुठल्या कॅशेत कुठलं गणित चालावं हे दर वेळी गणितावरच ठरत नाही.

आत्तापर्यंत बोललो ते जागेबद्दल. दुसरा प्रश्न शिळेपणाचा, आणि तो जास्त चिवट आहे. मूळ माहिती बदलली की तिच्या दूरदूरच्या प्रतींना ते कसं कळणार?

सन मायक्रोसिस्टिम्सच्याच एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल व्यवस्थेने १९८०च्या दशकाच्या मध्यात यावर सोपं उत्तर दिलं : सर्व्हरने कुणाचीही आठवण ठेवायची नाही, क्लायंटनेच अधूनमधून येऊन विचारावं. फाइल बदलली का, याचं मिळालेलं उत्तर क्लायंट किमान ३ आणि कमाल ६० सेकंद खरं मानून चालतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या कुणी फाइल बदलली तर जुनी दिसेल. सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही, हा मोठा फायदा; पण ‘मी तर फाइल सेव्ह केली होती, तुला कशी दिसत नाही?’ हा संवाद त्या काळच्या संगणककक्षांत नित्याचा होता.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने उलट टोक गाठलं. आयबीएमच्या मदतीने चाललेल्या अँड्र्यू प्रकल्पात पूर्ण फाइल क्लायंटच्या डिस्कवर उतरवून घेतली जायची. पहिल्या नमुन्यात फाइल उघडताना दर वेळी ‘माझी प्रत ताजी आहे ना?’ असं सर्व्हरला विचारलं जाई. मोजणी केली तेव्हा सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी सुमारे ६० टक्के याच एका प्रश्नाच्या निघाल्या. प्रत्यक्ष फाइल नेण्याच्या होत्या चारेक टक्के. कॅशे व्यवस्थित चालत होती, पण ती व्यवस्थित आहे का हे विचारण्यातच सर्व्हर दमून जात होता. पुढच्या आवृत्तीत जबाबदारी उलटी केली : क्लायंटने विचारायचं नाही, फाइल बदलली तर सर्व्हरच कळवेल. या वचनाला ‘कॉलबॅक’ म्हणतात. एका सर्व्हरवर २० क्लायंटना धाप लागायची तिथे ५० सुखाने चालू लागले. या कामात पुढे असलेले महादेव सत्यनारायणन यांनी पुढे कोडा ही व्यवस्था बांधली. तिच्यात तर नेटवर्क तुटलेलं असतानाही क्लायंट आपल्या कॅशेवर काम करत राहतो आणि जोडणी परत आली की बदल जुळवून घेतो.

वचनाचा तोटा उघड आहे : ते सांभाळावं लागतं. ज्याला कळवायचं तो क्लायंटच गायब झाला तर सर्व्हरने किती काळ थांबायचं? स्टॅनफर्डच्या केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ साली त्याला मुदत घातली. सर्व्हर क्लायंटला ठरावीक सेकंदांचा लीज, म्हणजे मुदतीचा भाडेकरार देतो. तो चालू असेपर्यंत क्लायंटला विचारल्याशिवाय माहिती बदलणार नाही. क्लायंट बेपत्ता झाला तर मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि पुढे जायचं. मुदत दहाएक सेकंदांची असली तरी बहुतेक फायदा हाती लागतो, असं त्यांच्या मोजणीत दिसलं. मोठ्या वितरित व्यवस्थांत आज हा करार जागोजागी भेटतो.

वेबवर सर्व्हरकडे एवढीही सत्ता नसते. ‘हे पान तासभर ताजं समज’ असं एकदा ब्राउझरला सांगितलं की तो तास संपेपर्यंत शब्द मागे घेता येत नाही. सीडीएनला प्रत पुसण्याचा आदेश देता येतो. नाशिकच्या कुणाच्या तरी लॅपटॉपला तो देता येत नाही. म्हणून जाणते लोक बदलणारी गोष्ट त्याच नावाने बदलतच नाहीत. फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली अक्षरं घालायची, मुदत वर्षभराची द्यायची आणि मजकूर बदलला की नावच बदलायचं. सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसचंही तसंच. ‘नवा पत्ता जगभर पसरायला दोन दिवस लागतात’ असं होस्टिंग कंपन्या सांगतात, पण पसरत काहीच नसतं. जागोजागच्या जुन्या प्रतींची मुदत संपत जाते, इतकंच.

कॅशे चालत असते तेव्हा तिच्यामागे काय लपलंय ते दिसत नाही. ती पडली की दिसतं. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद होतं. कंपनीने नंतर दिलेला खुलासा या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. कॅशेतली एखादी सेटिंग चुकीची दिसली तर ती डेटाबेसमधून पुन्हा आणून दुरुस्त करणारी एक यंत्रणा होती. त्या दिवशी डेटाबेसमधली मूळ सेटिंगच अशी बदलली गेली की यंत्रणेला ती चुकीची वाटली. प्रत्येक क्लायंटला कॅशेतली किंमत चुकीची दिसली, प्रत्येकाने डेटाबेसकडे धाव घेतली आणि सेकंदाला लाखो प्रश्न येऊन तो गुदमरला. गुदमरलेल्या डेटाबेसकडून चूक परत आली की क्लायंट तीही ‘किंमत चुकीची’ असंच वाचायचा आणि कॅशेतली नोंद पुसायचा. म्हणजे मूळ सेटिंग दुरुस्त केल्यावरही गर्दी हटेना; गर्दीच गर्दीला जन्म देत होती. शेवटी संकेतस्थळाची वाहतूक थांबवून डेटाबेसला श्वास घ्यायला लावावा लागला.

एकच नोंद कॅशेतून गेली आणि हजारो विनंत्या एकदम खाली कोसळल्या, या प्रकाराला अभियंते झुंड म्हणतात. फेसबुकने मेमकॅश्डमध्ये यावर केलेला इलाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचंही नाव लीजच, पण काम जरा निराळं : नोंद सापडली नाही की कॅशे सर्व्हर एकालाच परवाना देतो, ‘तू जाऊन आण’, बाकीच्यांना म्हणतो, ‘थोडं थांबा’. एका नोंदीसाठी दहा सेकंदांत एकच परवाना. झुंडीला बळी पडणाऱ्या नोंदींवर मोजलं तेव्हा डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७ हजार प्रश्नांवरून १३०० वर आला.

भारतातलं सर्वांत बोलकं उदाहरण क्रिकेटने दिलं. १० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत न्यूझीलंडशी झुंजत असताना हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक होते. थेट प्रक्षेपण हा कॅशेसाठी आदर्श माल : काही सेकंदांचे तुकडे, प्रत्येकाला तेच, त्याच क्षणी. एज सर्व्हरने एकदा आणलेला तुकडा लाखोंना पुरतो. खरी कसोटी धोनी धावबाद झाल्यावर लागली. माणसं हळहळली आणि त्यांनी ‘मागे’ जाण्याचं बटण दाबलं. व्हिडिओची मागणी कोसळली. पण मागे गेल्यावर उघडतं ते मुखपृष्ठ, आणि ते ज्याच्या त्याच्या आवडीनुसार सजलेलं. कुणाचंही पान दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही, म्हणून भार थेट मागच्या सर्व्हरांवर. कंपनीच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर व्याख्यानात सांगितलं, की अशा क्षणाची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

काही कॅशे काढून टाकणंच शहाणपणाचं असतं, हेही नोंदवायला हवं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रश्नासकट उत्तर साठवणारी क्वेरी कॅशे वर्षानुवर्षं होती. टेबलातली एक ओळ बदलली तरी त्या टेबलावरची सगळी साठवलेली उत्तरं रद्द व्हायची आणि सगळ्या कॅशेला कुलूप एकच. प्रोसेसरांत गाभे वाढले तसे सगळे त्या कुलपापाशी ताटकळू लागले. २०१८च्या ८.० आवृत्तीत ती काढूनच टाकली आणि कुणी फारसं रडलं नाही.

पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा कॅलिफोर्नियात सर्व्हर सांभाळणाऱ्या कितीतरी मराठी वाचकांची या प्रश्नांशी गाठ रात्री-अपरात्री पडलेली असते. पुढची प्रकरणं त्यांना धरूनच लिहिली आहेत. गणित लागेल तिथे आहे, पण ते टाळूनही वाचता येईल. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या दुहेरी साठवणीचं प्रकरण मात्र कुणी गाळू नये. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन सिस्टिमच्या पेज कॅशेला वळसा घालून थेट डिस्कशी बोलू शकतं. पोस्टग्रेस मात्र पूर्वापार त्या कॅशेवर विसंबून राहिलेला. म्हणूनच त्याच्या स्वतःच्या बफरला एकूण रॅमच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करा, असं त्याची माहितीपुस्तिका सांगते.

या विसंबण्याची किंमत २०१८ साली कळली. डेटाबेस माहिती लिहितो ती आधी सिस्टिमच्या कॅशेत जाते. मग तो ‘एफसिंक’ म्हणतो, म्हणजे ‘आता हे खरोखर डिस्कवर उतरव’. उतरवताना डिस्कने चूक दिली तर काय? पोस्टग्रेसची समजूत होती की एफसिंक फसला तर पुन्हा म्हणायचं, आणि दुसऱ्यांदा होकार आला की काम झालं. लिनक्सची समजूत वेगळी होती : चूक एकदा कळवली की आपली जबाबदारी संपली, ती पानं स्वच्छ समजायची. त्यामुळे दुसऱ्या एफसिंकला होकार मिळायचा आणि माहिती कुठेच लिहिलेली नसायची. वरची पातळी निश्चिंत होऊन आपली बदलांची नोंदवही पुसायला मोकळी. दोघांपैकी कुणाच्याही कोडमध्ये नुसतं पाहून सापडेल अशी चूक नव्हती. चूक होती ती दोघांच्या मधल्या न लिहिलेल्या करारात, आणि ती वर्षानुवर्षं तिथे होती.

फेब्रुवारी २०१९च्या दुरुस्त्यांपासून पोस्टग्रेसने धोरण बदललं. एफसिंक एकदा फसला की तो पुन्हा विचारत नाही. स्वतःहून कोसळतो आणि नोंदवहीतून सगळं नव्याने उभं करतो. ज्यांना जुन्यासारखा पुन्हा प्रयत्न हवा आहे त्यांच्यासाठी एक सेटिंग ठेवली आहे. ती मुळातच बंद असते.